पेंटोथाल : भुलीच्या एका औषधाचा प्रवास

मराठीत 'भूल' या शब्दाला बरेच काम आहे. चूक म्हणजे भूल. मोह म्हणजे भूल. रानात वाट चुकून माणूस त्याच त्या झाडाशी पुन्हा येऊन उभा राहिला, तर ती रानभूल. आणि शस्त्रक्रियेच्या टेबलावर देतात तीही भूलच. इंग्रजी शब्द ग्रीकातून घडवलेला. १८४६ मध्ये ऑलिव्हर वेंडेल होम्स या अमेरिकन डॉक्टर-कवीने तो सुचवला. त्याचा अर्थ नुसता 'संवेदना नसणे' एवढाच. आपल्या शब्दात मात्र दुसऱ्याने आपल्यावर काहीतरी घातल्याचा भाव आहे. भूल 'पडते' किंवा 'घालतात'. जो घालतो, त्याच्या हाती आपण असतो.

या लेखात ज्या औषधाची हकीकत सांगायची आहे, त्याला हा शब्द फारच लागू पडतो. त्याचे नाव थायोपेंटोन. डॉक्टर मंडळी त्याला कंपनीच्या नावावरून 'पेंटोथाल' म्हणत आली. काचेच्या कुपीत पिवळसर भुकटी, लसणासारखा वास. कुपीत शुद्ध पाणी सोडून हलवायचे आणि ते द्रावण शिरेतून द्यायचे. झोपण्याआधी क्षणभर तोंडात लसणाची किंवा कांद्याची चव येते, असे अनेक रोग्यांनी सांगितले आहे. त्यापुढचे कोणाला आठवत नाही.

या भुकटीने पन्नासएक वर्षे जगभरच्या शस्त्रक्रियागृहांवर राज्य केले. त्याच काळात तिला आणखी दोन कामांना जुंपण्यात आले: माणसाला बोलते करणे आणि माणसाला मारणे. या दोन्ही कामांच्या कहाणीत महाराष्ट्र येतो.

वऱ्हाड, निजाम आणि क्लोरोफॉर्म

पेंटोथालच्या आधी काय होते, ते थोडक्यात पाहू. भारतात ईथरची भूल पहिल्यांदा दिली गेली ती मार्च १८४७ मध्ये, कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात. बोस्टनच्या त्या प्रसिद्ध प्रयोगाला तेव्हा जेमतेम पाच महिने झाले होते. त्याच्या दोन वर्षे आधी, १८४५ मध्ये, हुगळीला जेम्स एस्डेल नावाचा सर्जन संमोहनाच्या जोरावर शस्त्रक्रिया करत होता. ईथर आणि पाठोपाठ क्लोरोफॉर्म आल्यावर ते संमोहन मागे पडले.

क्लोरोफॉर्म वास घेऊन झोपवण्याचे औषध. स्वस्त, थोडेसे पुरणारे, गरम हवेत ईथरपेक्षा वापरायला सोपे, आणि ईथरसारखे पेट न घेणारे. फक्त एक अडचण होती. तरणाताठा रोगी साध्या शस्त्रक्रियेसाठी टेबलावर आडवा व्हायचा आणि काही मिनिटांत मरून जायचा. असे का होते, यावर मोठा वाद होता. एक पक्ष म्हणे, हृदय थांबते. दुसरा म्हणे, आधी श्वास थांबतो, म्हणून श्वासावर नजर ठेवली की पुरे. या दुसऱ्या पक्षाचा कट्टर पुरस्कर्ता होता हैदराबादचा एडवर्ड लॉरी. त्याच्या पुढाकाराने आणि निजामाच्या पैशाने १८८८ आणि १८८९ मध्ये दोन 'हैदराबाद क्लोरोफॉर्म कमिशन' बसली. दुसऱ्या कमिशनसाठी लंडनहून 'लॅन्सेट'ने लॉडर ब्रंटनला पाठवले. शेकडो कुत्री, माकडे आणि इतर प्राण्यांवर प्रयोग झाले. निष्कर्ष लॉरीच्या बाजूने निघाला, आणि तो चुकीचा होता. क्लोरोफॉर्म हृदयाची लय बिघडवून मारू शकते, हे गुडमन लेव्हीने १९११ मध्ये मांजरांवरच्या प्रयोगांतून दाखवून दिले.

केळापूरच्या माणसाला यात रस वाटावा असा एक तपशील आहे. १८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली गेले होते, तरी मालकी निजामाची मानली जात होती. १९०२ मध्ये कायमच्या पट्ट्याचा करार झाला, त्यानंतरच वऱ्हाड मध्य प्रांताला जोडले गेले. म्हणजे हैदराबादेत कमिशन बसले होते तेव्हा वणी जिल्ह्यातला हा केळापूर तालुका, निदान कागदोपत्री, त्याच राजाच्या मुलखात होता. आज पांढरकवड्यावरून जाणारा नागपूर-हैदराबाद महामार्ग पैनगंगा ओलांडतो, तिथे दोन राज्यांची सीमा आहे. तेव्हा नदीच्या दोन्ही काठांचा धनी एकच होता.

याच हैदराबादेत, १८८९ मध्ये, रूपाबाई फरदूनजी नावाची पारशी तरुणी मेडिकल स्कूलमधून 'हकीम' ही पदवी घेऊन बाहेर पडली. पुढे तिने हैदराबादच्या रुग्णालयांत वर्षानुवर्षे क्लोरोफॉर्म देण्याचेच काम केले आणि १९०९ मध्ये अधिक शिकायला ती एडिंबरोला गेली. जगातली पहिली स्त्री भूलतज्ज्ञ म्हणून आज तिचे नाव घेतले जाते. चाकू चालवणाऱ्याचे नाव पाटीवर लागते, डोक्याशी बसून श्वास मोजणाऱ्याचे लागत नाही. म्हणून ती इतकी वर्षे विस्मरणात राहिली असावी.

मूत्रातले द्रव्य आणि सफरचंदातले आम्ल

वास घेऊन येणाऱ्या भुलीत रोगी गुदमरतो, धडपडतो, ओकतो. चार माणसांनी हातपाय धरून ठेवायचे, हे दृश्य शंभर वर्षे नेहमीचे होते. शिरेतून औषध देऊन अलगद झोपवता आले तर, हे स्वप्न जुने होते.

त्याचा रस्ता जर्मनीतून गेला. १८६४ मध्ये अॅडॉल्फ फॉन बायर या तरुण रसायनशास्त्रज्ञाने युरिया आणि मॅलॉनिक आम्ल यांच्यापासून एक नवे संयुग केले. युरिया हे मूत्रातले द्रव्य आणि मॅलॉनिक आम्लाचे नाव सफरचंदाच्या आम्लाशी नाते सांगणारे. या संयुगाला त्याने बार्बिट्युरिक आम्ल म्हटले. नाव कुठून आले याच्या आख्यायिका बऱ्याच आहेत. त्यांतली लोकप्रिय अशी की तो दिवस संत बार्बराचा होता आणि शास्त्रज्ञ ज्या खानावळीत गेला तिथे तोफखान्याचे अधिकारी आपल्या या संरक्षक संताचा सण साजरा करत होते. मूळ आम्लाला झोप आणण्याचा गुण मुळीच नव्हता. चाळीसएक वर्षे ते रसायनशाळेतच पडून राहिले.

१९०३ मध्ये एमिल फिशर आणि जोसेफ फॉन मेरिंग यांनी त्या रेणूला दोन छोट्या साखळ्या जोडल्या आणि झोपेचे औषध तयार झाले: व्हेरोनाल. १९१२ मध्ये फिनोबार्बिटोन आले. फेफऱ्याच्या रोग्यांना ते आजही दिले जाते. पण ही औषधे तासन्‌तास टिकणारी, शस्त्रक्रियेसाठी निरुपयोगी. माणूस दुपारी झोपवला तर उद्यापर्यंत झिंगलेला. १९३२ मध्ये हेल्मुट वीझेने हेक्सोबार्बिटोन पुढे आणले, तेव्हा शिरेतून काही सेकंदांत झोप ही गोष्ट प्रथमच व्यवहारात आली. मात्र त्यात रोग्याला झटके आणि आचके येत.

शिकागोजवळच्या अॅबट कंपनीत अर्नेस्ट व्होलविलर आणि डोनाली टॅबर्न यांनी मग एक साधा बदल केला. रेणूतला एक ऑक्सिजन काढून त्याजागी गंधक बसवले. लसणाचा वास आला तो या गंधकामुळे, आणि औषधाचा वेगही. गंधकामुळे रेणू चरबीत सहज विरघळू लागला आणि मेंदू हा बव्हंशी चरबीयुक्त अवयव. ८ मार्च १९३४ रोजी मॅडिसन इथे राल्फ वॉटर्सने हे औषध पहिल्यांदा माणसाला दिले. त्याच वर्षी जूनमध्ये मेयो क्लिनिकमध्ये जॉन लंडीने त्याचा पद्धतशीर वापर सुरू केला. पेंटोथालचा जन्म तो.

तीस सेकंदांचा हिशेब

शरीराच्या वजनाच्या दर किलोमागे तीन ते पाच मिलिग्रॅम, असे याचे माप. पन्नास किलोच्या बाईला दोन-अडीचशे मिलिग्रॅम, म्हणजे चिमूटभरसुद्धा नाही. कोपराजवळच्या शिरेत सुई, औषध आत, आणि साधारण अर्ध्या मिनिटात पापणीला बोट लावले तरी ती मिटत नाही. आकडे उलटे मोजायला सांगितलेला रोगी मध्येच थांबतो. धडपड नाही, गुदमरणे नाही. पाच-दहा मिनिटांत, आणखी औषध दिले नाही तर, तो पुन्हा डोळे उघडतो.

इतक्या लवकर जाग येते, म्हणजे शरीर औषध जाळून संपवत असणार, असा सुरुवातीला सर्वांचा समज होता. १९५० मध्ये बर्नार्ड ब्रॉडी आणि त्याच्या सहकाऱ्यांनी तो खोटा ठरवला. यकृत पेंटोथाल फार सावकाश मोडते. औषध शरीरातून जातच नाही, फक्त जागा बदलते. मेंदूला रक्तपुरवठा भरपूर, म्हणून ते आधी तिथे पोहोचते. मग रक्तातून वाहत स्नायूंत उतरते आणि शेवटी चरबीत जाऊन बसते. मेंदूतून ते निघाले की माणूस जागा होतो, पण अंगात ते असतेच. पावसाचे पाणी आधी चढावरून धावते आणि मग शेतात मुरते, तसे हे.

यातून दोन गोष्टी निघतात. एक, पुन्हापुन्हा डोस देत गेले की स्नायू आणि चरबी भरतात, मुरायला जागा उरत नाही, आणि मग 'अल्पकाळ टिकणारे' औषध तासन्‌तास टिकते. दुसरी, हे औषध झोप आणते, वेदना मारत नाही. अपुऱ्या डोसात तर दुखण्याची जाणीव उलट वाढते, असे भूलतज्ज्ञ सांगतात. म्हणून पेंटोथाल हे शस्त्रक्रियेचे दार उघडणारे औषध. दार उघडल्यावर घर सांभाळायला वायू आणि वेदनाशामके लागतात. आणि श्वास हे औषध थांबवते, हमखास. ज्याला तो श्वास हाताने चालवता येत नाही, त्याने ही कुपी फोडू नये.

पर्ल हार्बरची दंतकथा

हा शेवटचा धडा जगाने कसा शिकला, याची एक कथा वैद्यकीय महाविद्यालयांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली. ७ डिसेंबर १९४१ ला जपानी विमानांनी पर्ल हार्बरवर हल्ला केला. जखमींना घाईघाईने पेंटोथाल देण्यात आले आणि शत्रूच्या बाँबपेक्षा त्या औषधानेच जास्त माणसे मारली, अशी ती कथा. तिचे मूळ १९४३ मध्ये हॅलफर्ड नावाच्या सर्जनने लिहिलेल्या एका टीकालेखात आहे. युद्धातल्या जखमीला हे औषध देणे म्हणजे दयामरणाची उत्तम पद्धत, अशा आशयाचा टोमणा त्यात होता. त्याच अंकात संपादकीयाने दुसरी बाजू मांडली होती. ती मात्र कोणाच्या लक्षात राहिली नाही. १९९५ मध्ये बेनेट्स या संशोधकाने जुनी कागदपत्रे पुन्हा तपासली, तेव्हा कथा फार फुगवलेली निघाली. भुलीने दगावलेल्यांची संख्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी असावी, असा त्याचा निष्कर्ष होता.

कथा खोटी असली तरी तिच्यातले शास्त्र खरे आहे. रक्त वाहून गेलेल्या माणसाच्या रक्तवाहिन्या आवळून, कशाबशा दाब धरून असतात. पेंटोथाल त्या सैल करते. उरलेल्या थोड्या रक्ताचा मोठा वाटा मेंदू आणि हृदयाकडे जात असतो, म्हणजे नेहमीचाच डोस तिथे दुपटीने पोहोचतो. म्हणून रक्तस्राव झालेल्या बाळंतिणीला किंवा अपघातातल्या माणसाला ते थोडे थोडे, थांबत थांबत द्यायचे, किंवा द्यायचेच नाही. महामार्गाकाठच्या गावांत, जिथे ट्रक उलटतो आणि रात्री दोन वाजता जखमी येतात, तिथे हा फरक जीवघेणा ठरतो. १९७० मध्ये अमेरिकेत परवानगी मिळालेले केटामिन अशा ठिकाणी वरदान ठरले ते यामुळेच. केटामिन रक्तदाब धरून ठेवते, सहसा श्वास थांबवत नाही, आणि शिर सापडली नाही तर स्नायूतही देता येते.

शिरेशिवाय नाही

पेंटोथाल स्नायूत देता येत नाही. त्याचे द्रावण तीव्र अल्कधर्मी असते, जवळपास साबणाच्या पाण्याहून दाहक. शिरेबाहेर झिरपले तर मांस सडते. चुकून शिरेऐवजी रोहिणीत गेले, तर पुढच्या बारीक वाहिन्यांत त्याचे स्फटिक अडकतात, हात पांढरा पडतो, आणि बोटे काळी पडून कापावी लागल्याची उदाहरणे वैद्यकीय साहित्यात आहेत. आधी पाच टक्क्यांचे द्रावण वापरत. अशा घटनांनंतर ते अडीच टक्क्यांवर आणले गेले.

आमच्या भागातल्या माणसाला शिर आणि स्नायू यांतला हा फरक वेगळ्याच प्रसंगाने कळला. २०१८ साली पांढरकवडा वनविभागातली टी-१ वाघीण, जिला वर्तमानपत्रांनी 'अवनी' केले, देशभर गाजली. दोन वर्षांत तेरा माणसांच्या मृत्यूचा ठपका तिच्यावर होता. वनखात्याचा आदेश असा की आधी तिला बेशुद्ध करून पकडण्याचा प्रयत्न करावा, ते जमले नाही तरच गोळी घालावी. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबरमध्ये त्यात हस्तक्षेप करण्यास नकार दिला. गावोगावच्या पारावर तेव्हा एकच प्रश्न होता: दवाखान्यात माणूस अर्ध्या मिनिटात झोपतो, मग वाघीण का झोपत नाही?

उत्तर वरच्या रसायनशास्त्रात आहे. जनावराची शिर शोधायला ते आधी हाती यावे लागते. बंदुकीतून सुटणारी सुई स्नायूतच लागणार, आणि तिच्यात मावणार ते औषध काही मिलिलिटर. पेंटोथाल तिथे मुळीच चालत नाही. आपल्याकडे वाघासाठी झायलाझिन आणि केटामिन यांचे मिश्रण वापरतात. ते स्नायूतून रक्तात उतरायला मिनिटे लागतात, आणि तेवढ्या वेळात चवताळलेला वाघ झाडीत कुठेही जाऊ शकतो, किंवा अंगावर येऊ शकतो. दिवाळी चार-पाच दिवसांवर असताना, २ नोव्हेंबरच्या रात्री, राळेगाव तालुक्यातल्या बोराटीजवळ वाघीण गोळीने मारली गेली. तिच्या अंगात सापडलेल्या बेशुद्धीच्या सुईबद्दल पुढे तज्ज्ञांच्या अहवालांत शंका घेतल्या गेल्या आणि वाद न्यायालयापर्यंत गेला. त्या वादात इथे शिरायचे नाही. जिवाला धोका असताना दुसऱ्याला भूल घालणे हे टेबलावरच्या भुलीपेक्षा किती वेगळे काम आहे, एवढेच यातून घ्यायचे. टेबलावरचा रोगी स्वतःहून हात पुढे करतो. पेंटोथालची सगळी किमया त्या पुढे केलेल्या हातावर उभी आहे.

'सत्य बोलवणारे' औषध

हात पुढे न करणाऱ्यालाही हे औषध दिले गेले. ती कथा अशी.

झोपेच्या आणि जागेपणाच्या मधल्या पट्ट्यात माणूस बडबडतो, हे भूल देणाऱ्यांना पहिल्यापासून माहीत होते. टेक्सासमधल्या रॉबर्ट हाउस या प्रसूतितज्ज्ञाने १९२० च्या दशकात स्कोपोलामिन हे वेगळे औषध देऊन कैद्यांची चौकशी करण्याचा प्रयोग केला, आणि 'ट्रूथ सीरम' हा शब्द वर्तमानपत्रांत रूढ झाला. १९३६ मध्ये इंग्लंडमधल्या स्टीफन हॉर्स्लीने बार्बिट्युरेट देऊन मनोरुग्णांशी बोलण्याच्या पद्धतीला 'नार्कोअॅनालिसिस' हे नाव दिले. दुसऱ्या महायुद्धात ग्रिंकर आणि स्पीगल या अमेरिकन डॉक्टरांनी उत्तर आफ्रिकेत, रणांगणावर वाचा बसलेल्या सैनिकांना पेंटोथाल देऊन बोलते केले. तिथे उद्देश उपचाराचा होता. सैनिकाला जे आठवत होते ते खरे की कल्पिलेले, याने उपचारात फारसा फरक पडत नव्हता.

पोलीस चौकशीत नेमका तोच फरक महत्त्वाचा. पेंटोथाल संकोच ढिला करते, पण खोटे बोलण्याची शक्ती काढून घेत नाही. गुंगीतला माणूस प्रश्नकर्त्याला हवे ते बोलतो, स्वप्न आणि आठवण यांची सरमिसळ करतो, आणि निर्ढावलेला असेल तर तेव्हाही लपवतो. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६३ मध्ये अशा औषधाच्या अमलाखालचा कबुलीजबाब पुराव्यात घेता येणार नाही, असे सांगितले होते.

आपल्याकडे हा विषय घरोघरी पोहोचला तो मुद्रांक घोटाळ्यामुळे. अब्दुल करीम तेलगी हा मराठीभाषक सीमाभागातल्या खानापूरचा. महाराष्ट्रात त्याच्यावर विशेष तपास पथक नेमले गेले, आणि डिसेंबर २००३ मध्ये बंगळूरला त्याची नार्को चाचणी झाली. पुढे तिच्या चित्रफिती दूरचित्रवाणीवर दाखवल्या गेल्या. पलंगावर पडलेला, जड जिभेने नावे घेणारा माणूस लोकांनी जेवताना पाहिला. गुंगीतल्या त्या शब्दांना किती अर्थ आहे, हे कोणी विचारले नाही. शस्त्रक्रियागृहात रोगी गुंगीत काय बोलला ते बाहेर न सांगण्याची रीत आहे. इथे ते देशाला ऐकवले गेले.

त्याच घोटाळ्याच्या तपासातून निघालेल्या रामचंद्र रेड्डी विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने मार्च २००४ मध्ये अशा चाचण्यांना हिरवा कंदील दाखवला. युक्तिवाद असा होता: चाचणीत माणूस काय बोलेल हे आधी कळत नाही, बोललेले त्याच्याविरुद्ध जाणारे आहे की नाही हे नंतर ठरेल, ते पुराव्यात घ्यायचे की नाही हा प्रश्न तेव्हा पाहता येईल. त्यानंतरची काही वर्षे प्रत्येक गाजलेल्या गुन्ह्यात 'नार्को करा' ही मागणी ऐकू येई. चाचण्यांमुळे प्रसिद्धीस आलेल्या बंगळूरच्या प्रयोगशाळेतील एका अधिकाऱ्याला २००९ मध्ये बनावट प्रमाणपत्रांच्या कारणावरून नोकरीतून काढण्यात आले, तेव्हा या सगळ्या इमारतीला तडा गेला.

५ मे २०१० रोजी सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या खटल्यात सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन, न्या. आर. व्ही. रवींद्रन आणि न्या. जे. एम. पांचाळ यांच्या पीठाने प्रश्न निकालात काढला. संमतीशिवाय नार्को, पॉलिग्राफ किंवा मेंदूचा आलेख घेता येणार नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद २० (३) ने स्वतःविरुद्ध साक्ष न देण्याचा हक्क दिला आहे आणि अनुच्छेद २१ ने व्यक्तिगत स्वातंत्र्याचा. बळजबरीची चाचणी या दोन्हींच्या आड येते. संमतीने झालेल्या चाचणीतले बोलणेही थेट पुरावा ठरत नाही, कारण बोलताना माणसाचा स्वतःवर ताबा नसतो. मात्र त्यातून पुढे एखादी वस्तू सापडली, तर तेवढी विचारात घेता येते. या निकालाचा गाभा भूलतज्ज्ञाला नवा नाही. त्याच्या धंद्यात सही घेतल्याशिवाय सुई लावत नाहीत.

मुंबईहून नेब्रास्काकडे

तिसरे काम याहून भीषण. १९७७ मध्ये ओक्लाहोमा राज्याचे वैद्यकीय अधिकारी जे चॅपमन यांनी विषारी इंजेक्शनाने देहदंड देण्याची पद्धत आखली. ती पुढे तीन औषधांची ठरली: आधी पेंटोथालने झोप, मग स्नायू लुळे पाडणारे औषध, मग हृदय थांबवणारे पोटॅशियम क्लोराइड. ७ डिसेंबर १९८२ ला टेक्सासमध्ये चार्ल्स ब्रुक्स याला अशा तऱ्हेने मारण्यात आले. इंजेक्शनाने दिलेला तो पहिला देहदंड. पहिल्या औषधाने झोप पुरेशी लागली नाही, तर लुळा पडलेला माणूस जागेपणी गुदमरतो आणि ओरडूही शकत नाही. टेबलावर ज्याची भीती प्रत्येक भूलतज्ज्ञ बाळगतो, ती इथे तपासायला बहुधा कोणी तज्ज्ञ नसतो. डॉक्टरांच्या संघटनांनी या कामात भाग घेण्यास मनाई केली आहे.

२०१० च्या सुमारास अमेरिकेत पेंटोथाल मिळेनासे झाले. तिथली एकमेव उत्पादक हॉस्पिरा कंपनी ते इटलीत बनवायच्या बेतात होती. देहदंडासाठी वापर होणार नाही याची हमी द्या, असे इटलीने सांगितले. हमी देणे शक्य नव्हते, म्हणून जानेवारी २०११ मध्ये कंपनीने औषधच बंद केले. तुरुंगांनी मग जगभर शोध सुरू केला, आणि तो मुंबईत येऊन पोहोचला. कायेम फार्मास्युटिकल या मुंबईच्या कंपनीकडून नेब्रास्का राज्याने ५०० ग्रॅम पेंटोथाल मागवले. बातमी फुटली, मानवाधिकार संघटनांनी पत्रे लिहिली, आणि एप्रिल २०११ मध्ये कंपनीने जाहीर केले की देहदंडासाठी आपण हे औषध यापुढे विकणार नाही. कारण देताना तिने हिंदू धर्माच्या मूल्यांचा आधार घेतला.

म्हणून व्यवहार थांबला असे नाही. नेब्रास्काने पुढचा माल कोलकात्यातल्या एका दलालामार्फत मागवला. २०१५ मध्ये टेक्सास आणि अॅरिझोनाने भारतातून मागवलेल्या कुप्या अमेरिकेच्या औषध प्रशासनाने विमानतळावरच अडवल्या, आणि २०१७ मध्ये त्या आत सोडण्यास कायमचा नकार दिला. आपल्या देशातही २००३ मध्ये विधी आयोगाने १८७ व्या अहवालात फाशीला पर्याय म्हणून विषारी इंजेक्शनाची शिफारस केली होती. ती अमलात आलेली नाही.

या सगळ्यात नुकसान कोणाचे झाले? हॉस्पिराने उत्पादन थांबवले तेव्हा अमेरिकन भूलतज्ज्ञांच्या संघटनेने जाहीर नाराजी व्यक्त केली. त्यांचे म्हणणे साधे होते. वृद्ध, हृदयरोगी, मेंदूच्या शस्त्रक्रियेचे आणि बाळंतपणाचे काही रोगी असे असतात, की ज्यांना हेच औषध हवे असते. तुरुंगांतल्या मोजक्या माणसांना मारण्यासाठी मागवलेल्या कुप्यांपायी दवाखान्यांतल्या कितीतरी माणसांच्या कुप्या गेल्या.

दुधाळ वारसदार

तरीही पेंटोथालचा खरा शेवट कोर्टाने किंवा तुरुंगाने केला नाही. तो एका पशुवैद्याने केला. ब्रिटनमध्ये आयसीआय कंपनीत काम करणाऱ्या जॉन ग्लेन यांनी १९७३ मध्ये प्रोपोफॉलचे गुण ओळखले, आणि १९८६ मध्ये ते बाजारात आले. दुधासारखे पांढरे. पाण्यात कालवायची गरज नाही. जाग लख्ख येते, मळमळ कमी. दिवसाच्या दिवशी घरी जाणाऱ्या रोग्यांचा जमाना सुरू झाला होता, आणि प्रोपोफॉल त्या जमान्याचे औषध होते. २०१८ मध्ये ग्लेन यांना लास्कर पुरस्कार मिळाला. टेबलावरच्या माणसाला लसणाची चव आता सहसा येत नाही.

पण पिवळी भुकटी पूर्णपणे गेलेली नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १९७७ मध्ये काढलेल्या अत्यावश्यक औषधांच्या पहिल्या यादीत ती होती. कोरडी भुकटी, साधी साठवण, कमी किंमत, या गुणांमुळे ती लहान गावांतल्या दवाखान्यांत टिकली. न थांबणारे फेफरे, डोक्याला मार लागून सुजलेला मेंदू, अशा वेळी ती अजूनही बाहेर काढली जाते. थकलेल्या मेंदूची प्राणवायूची मागणी ती कमी करते. काही तास मेंदूला स्वस्थ पडू देणे, हाच तिथे उपचार.

सत्तर-ऐंशी वर्षांच्या या प्रवासाकडे एकत्र पाहिले, तर औषध कुठेही बदललेले नाही हे जाणवते. मॅडिसनमध्ये, बंगळूरमध्ये आणि ह्यूस्टनच्या विमानतळावर अडवलेल्या पेटीत, रेणू तोच. बदलली ती फक्त कुपी हातात धरणाऱ्या माणसाची जागा. शस्त्रक्रियागृहात तो रोग्याच्या डोक्याशी बसतो. श्वास थांबवतो तोच, आणि पिशवी दाबून चालवतोही तोच. शेवटी हाक मारून डोळे उघडायला लावल्याशिवाय तो उठत नाही. चौकशीच्या खोलीत त्याला बाजूला बसवून दुसऱ्याला प्रश्न विचारू दिले गेले. मृत्युदंडाच्या खोलीत तो नसतोच.

भोज राजाच्या कवटीवर दोन वैद्य भावांनी शस्त्रक्रिया केली, अशी एक कथा 'भोजप्रबंधा'त आहे. ग्रंथ राजाच्या कित्येक शतकांनंतरचा, त्यामुळे तिला इतिहास म्हणता येणार नाही. पण कथा रचणाऱ्याला एक गोष्ट पक्की ठाऊक होती. वैद्यांनी राजाला भूल दिली, हे सांगून तो थांबला नाही. काम झाल्यावर दुसरे औषध देऊन त्यांनी राजाला शुद्धीवर आणले, हेही त्याने लिहून ठेवले.